शब्दचर्चा : दीर्घिकांचा फोटो ‘अंधुक’ की ‘पुसट’?

प्रश्न (परभणी) : शेतातल्या आखाड्यावरून सहा इंची दुर्बिणीला कॅमेरा लावून अरुंधती केश या तारकामंडलातल्या दीर्घिकांच्या (गॅलेक्सींच्या) क्लस्टरचे फोटो घेतोय. मित्रांना ‘फोटो अंधुक येतोय’ म्हटलं, तर एकजण म्हणतो फोकस बघ, दुसरा म्हणतो एक्स्पोजर वाढव. नेमका शब्द कोणता? आणि क्लस्टरला समूह म्हणावं की गुच्छ?

उत्तर (अंबाजोगाई) : दादा, दोघांचंही बरोबर आहे. चष्मा नसला की अक्षरं अंधुक दिसतात आणि कंदिलाची वात बारीक केली तरी अंधुकच दिसतात. फोटोत मात्र हे दोन दोष वेगळे, त्यांचे उपायही वेगळे.

कडा पसरल्या असतील तर ‘धूसर’ म्हणा. आकार जागेवर आहे, पण मागच्या आभाळातून जेमतेम उठतोय, तर ‘पुसट’. एनजीसी ४८८९ आणि ४८७४ या तिथल्या दोन मोठ्या दीर्घिका. त्यांच्या आसपासचे तारे मोठे करून बघा. तारे बारीक, गोल असतील तर फोकस ठीक आहे, दीर्घिका पुसट आहेत. सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवरून आलेला उजेड तो!

पुसटपणावर इलाज आहे : फ्रेमची थप्पी, म्हणजे त्याच भागाचे अनेक फोटो घेऊन ते एकत्र करायचे. लोक ‘स्टॅकिंग’ म्हणतात, म्हणू द्या, पण पोत्यांसारखी एकावर एक रचायची म्हणून मला थप्पीच आवडतो. फ्रेम चौपट केल्या की फोटोतली दाणेदार खरखर निम्म्यावर येते. धूसर फ्रेमची कितीही थप्पी लावा, धूसरच राहणार.

एप्रिलच्या सुरुवातीला हा भाग मध्यरात्री आपल्याकडं जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा आभाळात धूळ असते, तिला धूसर म्हणणं अगदी चपखल.

उत्तर (नांदेड) : माझं मत समूह. ‘तारकागुच्छ’ कृत्तिकांसाठी रुळलेला आहे. शिवाय याच मंडलात एम ५३ हा गोलाकार तारकागुच्छ आहे, तोही आपल्याच आकाशगंगेतला. नवख्यानं नुसतं ‘अरुंधती केशातला गुच्छ’ ऐकलं तर तो भलतीकडंच दुर्बीण वळवील. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका ज्यात येतात तो थोड्या दीर्घिकांचा ‘गट’, हजारभर दीर्घिका असल्या की ‘समूह’. त्याहून मोठा ‘महासमूह’. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत २०१७ मध्ये जाहीर केलेला सरस्वती हा असाच महासमूह.

प्रश्नकर्ता : अंबाजोगाईच्या ताई, तारे बारीक, गोल आहेत, म्हणजे पुसटच. येत्या अमावास्येला फ्रेम वाढवतो.