सत्तरीतल्या घराचे साइडिंग: उतरवावे, झाकावे की रंगवावे?

परसदार

मध्य न्यू जर्सीतील आमचे घर १९५५ सालचे असून त्याच्या बाहेरच्या भिंतींवरचे साइडिंग, म्हणजे भिंतीचे बाहेरचे आवरण, मूळचेच आहे: ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे शिंगल (कौलांसारखे एकावर एक बसवलेले चपटे तुकडे) अजून शाबूत आहेत. तुकडे १२ बाय २४ इंचांचे, खालची कड नागमोडी आणि प्रत्येकाच्या तळाशी तीन खिळे. एक फुटका तुकडा प्रयोगशाळेतून तपासून घेतला, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. गेल्या महिन्यात तीन कंत्राटदार येऊन गेले. पहिल्याने सगळे उतरवून फायबर सिमेंट (तंतू मिसळलेल्या सिमेंटचे साइडिंग) लावायला सांगितले, दुसरा याच्यावरच फोम आणि व्हायनिलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पट्ट्या चढवायला तयार होता आणि तिसऱ्याने भिंतीला हात लावण्याआधीच हप्त्यांचा कागद पुढे केला.

माझे मत तिघांच्याही विरुद्ध आहे. श्वासातून गेल्यास घातक असलेले ॲस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात आणि तुकडा अखंड आहे तोवर ते सहसा हवेत येत नाहीत; धोका आहे तो तोडण्यात, कापण्यात आणि घासण्यात. हे शिंगल कुजत नाहीत, त्यांना वाळवी लागत नाही, ते पेटत नाहीत, आणि रंगही त्यांच्यावर चांगला टिकतो. एकूण दहा-बारा तुकडे तडकले आहेत, त्यांच्या जागी त्याच मापाचे, त्याच नागमोडी कडेचे, ॲस्बेस्टॉस नसलेले फायबर सिमेंटचे तुकडे बसवता येतात. मऊ ब्रशने, पाण्याचा जोर न लावता धुवायचे (प्रेशर वॉशर चुकूनही नाही), प्राइमर मारायचा आणि वर अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात द्यायचे. सत्तर वर्षे टिकलेली वस्तू केवळ जुनी दिसते म्हणून काढणे मला पटत नाही. ज्यांना पटते त्यांनी कारणे सांगावीत.

पागोळी

परसदार, आपण शिंगलांचे आयुष्य मोजत आहात, भिंतीचे नव्हे, आणि माझा विरोध तेवढ्यासाठीच आहे. कोकणात पावसाळ्यापूर्वी मातीच्या भिंतींना झावळ्या बांधतात, साइडिंगचे काम तेवढेच असते: पावसाचा मारा अंगावर घ्यायचा. आत झिरपणारे पाणी अडवतो तो त्यामागचा डांबरी कागद आणि खिडक्या-दारांभोवतीचे फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्ट्या. आपल्या घरातला तो कागदही सत्तर वर्षांचाच आहे. उभ्या सांध्यांमागे डांबरी कागदाच्या ज्या अरुंद पट्ट्या घातलेल्या असतात, त्यांतल्या किती अजून जागेवर आहेत, हे बाहेरून कोणीच सांगू शकत नाही.

आमचे पेनसिल्व्हेनियातले घर १९६१ चे होते. बाहेरून देखणे, नुकतेच रंगवलेले. आधीच्या मालकाने खिडक्या बदलल्या होत्या, पण फ्लॅशिंगकडे कोणीही पाहिले नव्हते. स्वयंपाकघराच्या खिडकीखालचे चार शिंगल काढले, तेव्हा मागच्या फळीत स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला आणि बाहेर काढताना त्याच्याबरोबर भिजलेल्या पावासारखा भुसा आला. रंगाने ते सगळे अनेक वर्षे झाकून ठेवले होते. म्हणून एकदा सगळे उतरवा, फळ्या पाहा, कुजलेल्या बदला, नवा हाउसरॅप (डांबरी कागदाच्या जागी येणारे, पाणी अडवणारे आवरण) आणि फ्लॅशिंग घाला आणि मग वर काय लावायचे याची चर्चा करा. काम परवानाधारक माणसाकडूनच, शिंगल ओले ठेवून, शक्यतो अखंड उतरवून करून घ्या. तो कचरा कुठे आणि कसा टाकायचा, याची चौकशी नगरपालिकेत आधीच करावी.

हिशेबी

दोन्ही प्रतिसाद वाचले. दोघांनाही या घरात आयुष्य काढायचे आहे असे दिसते. माझ्यासारख्याला सहा-सात वर्षांत मुले कॉलेजला गेली की घर विकायचे असते, त्याचे गणित वेगळे आहे. कंत्राटदार भिंत ‘स्क्वेअर’मध्ये मोजतो, एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट, उपनगरातल्या मध्यम घराचेही पंधरा-वीस स्क्वेअर सहज होतात. प्रत्येक स्क्वेअरमागे ॲस्बेस्टॉस उतरवण्याची आणि विल्हेवाटीची मजुरी धरली, तर नव्या साइडिंगचा निम्मा आनंद कचऱ्यात जातो. त्यापेक्षा वर फोमचा थर आणि व्हायनिल घातले, तर तंतूंना धक्का लागत नाही, थोडी ऊब वाढते आणि पुन्हा रंगाची कटकट नाही. ॲस्बेस्टॉस आत आहे हे विकताना सांगावे लागेल, ते रंगवलेल्या घरालाही सांगावेच लागणार.

अर्धवट मिस्त्री

हिशेबी, ‘धक्का लागत नाही’ हे वाक्य मागे घ्या. फोम आणि व्हायनिल ज्या खिळ्यांवर उभे राहते, ते त्याच शिंगलांतून आरपार जातात. सत्तर वर्षांचे सिमेंट ठिसूळ असते. शेकडो खिळे ठोकल्यावर आत तुकड्यांचा ढीग होतो आणि पुढे ज्याला ते उतरवावे लागेल, त्याला अखंड तुकडा मिळत नाही. शिवाय भिंत जाड झाली की खिडक्या खोल जातात, आणि प्रत्येक चौकटीभोवती नवी पट्टी व नवे फ्लॅशिंग करावे लागते. स्वस्त कामात नेमके तेच गाळले जाते.

व्हायनिल ठोकत नाहीत, टांगतात. खिळा लांबट भोकाच्या मधोमध असावा आणि त्याचे डोके पट्टीवर दाबलेले नसावे, कारण १२ फुटांची पट्टी उन्हाळा-हिवाळ्यात अर्धा इंच किंवा त्याहूनही जास्त सरकते. घाईच्या कारागिराने घट्ट ठोकली की पहिल्याच जुलैमध्ये भिंतीला लाटा येतात. शेजाऱ्याने लो-ई, म्हणजे उष्णता परतवणाऱ्या, काचेच्या नव्या खिडक्या बसवल्या आणि परावर्तित ऊन एकाच जागी पडू लागले, तर पट्टी मऊ पडून वाकते. १६० अंश फॅरनहाइटच्या आसपास व्हायनिल नरमू लागते. आमच्या गल्लीत एका भिंतीवर दुपारी दोनच्या उन्हाचा असा तिरका ओरखडा उमटलेला आहे.

परसदार, आपल्यालाही एक सांगतो. घर १९७८ पूर्वीचे आहे, म्हणजे खिडक्यांच्या चौकटींवर शिशाचा रंग असण्याची शक्यता मोठी. बाहेरच्या कामात २० चौरस फुटांहून जास्त रंग उखडला जाणार असेल, तर पैसे घेऊन काम करणाऱ्याकडे ईपीएचे (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे) प्रमाणपत्र लागते. हा नियम २०१० पासून आहे. रंगाऱ्याकडे कागद मागा.

पागोळी

आणि थंडीचे काय? १९५५ च्या भिंतीत बहुधा इन्सुलेशन नाही, असले तर नावालाच. साइडिंग उतरवले की ते भरण्याची संधी मिळते, रंगवून ती मिळणार नाही.

परसदार

पागोळी, इन्सुलेशनचा मुद्दा मला मान्य नाही. सेल्युलोज (कागदाच्या तंतूंचे इन्सुलेशन) आतल्या बाजूने, प्लास्टरला भोके पाडून दाबून भरता येते आणि बाहेरच्या शिंगलांना हातही लावावा लागत नाही. भोके बुजवून खोल्या रंगवाव्या लागतील, एवढेच. मात्र ओली भिंत भरली तर कुजण्याला मदतच होईल, तेव्हा आधी आपल्याच प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागेल, हे कबूल करतो. व्हायनिलचा विचार मी केला नव्हता आणि आता करणारही नाही.

त्यामुळे रंगाऱ्याला थांबायला सांगितले आहे. परवानाधारक माणूस पुढच्या शनिवारी येऊन पाच ठिकाणचे शिंगल खिळे उपटून अखंड काढणार आहे: स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या खिडकीखालचे, उत्तरेकडच्या कोपऱ्यातले, मागच्या पायऱ्यांलगतचे, आणि ओसरीचे छप्पर जिथे भिंतीला भिडते तिथले. त्या शेवटच्या जागी पन्हळीचे पाणी थेट भिंतीत शिरताना मी स्वतः पाहिले आहे. पाचही ठिकाणी फळ्या कोरड्या निघाल्या, तर घर रंगवणार. एका जागी स्क्रू-ड्रायव्हर आत गेला, तर ती भिंत उतरवणार. दोन किंवा जास्त जागी गेला, तर पागोळी म्हणतात तसे सगळेच, आणि मग फायबर सिमेंटच्या भावाबद्दल आपल्याशीच बोलावे लागेल.