देठ लांब, टोपी बटणाएवढी

गव्हाच्या काडापेक्षा सोयाबीनच्या कुटारावर (मळणीनंतरच्या भुश्यावर) धिंगरी (ऑयस्टर मशरूम) जास्त येते, असं म्हणतात ते पटतं. कुटारात नत्र जास्त असतं. पण देठ लांब आणि टोपी बारीक राहिली याचा दोष काडाला देऊ नका, तो बहुतेकदा कोंदट हवेचा असतो. धिंगरीची बुरशी काडाच्या पिशवीभर पसरत असताना कार्बन डायऑक्साइड साचला तरी चालतो, कोंब फुटायला लागले की तो साधारण १००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १००० भाग) खाली हवा.

मीही आधी काड बदललं, मग पाणी वाढवलं (त्याने उलट टोप्यांवर पिवळे डाग पडले!). शेवटी दिवसातून तीन-चारदा खोलीचं दार उघडायला लागलो आणि त्याच पिशव्यांवर पुढच्या बहरात टोप्या तळहाताएवढ्या झाल्या. वारा थेट लागू देऊ नका मात्र, कोंब सुकतात.