महायुद्धात रेल्वेत काम केलेल्या बायकांचे कपडे शिवायचे आहेत – कापड आणि बेताबद्दल मदत हवी

सुईदोरा_सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागात आमचं युनिफॉर्मचं लहानसं युनिट आहे. शाळांचे गणवेश, दवाखान्यांचे स्क्रब्ज, सिक्युरिटीवाल्यांचे शर्ट, बारा महिने हेच चालतं. आता एक वेगळं काम आलंय. ते नीट व्हावं अशी फार इच्छा आहे, म्हणून इथे विचारते.

माझी भाची इंग्लंडात किडरमिन्स्टरला असते. तिथून ब्रिजनॉर्थपर्यंत सेव्हर्न व्हॅली रेल्वे म्हणून जुनी १६ मैलांची लाइन जपलेली आहे. वाफेची इंजिनं, लाकडी डबे, जुनी स्टेशनं, आणि राबणारे बहुतेक लोक हौसेनं येणारे. भाचीही सुट्टीच्या दिवशी जाते. तिच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या मनात आहे, की दुसऱ्या महायुद्धात रेल्वेत राबलेल्या बायका साकारायच्या. हमाल, तिकीट तपासणारी, सिग्नलच्या केबिनमधली, शेडमध्ये इंजिन पुसणारी. कपडे मी शिवून पाठवायचे.

मी थोडं वाचलं. पुरुष लढाईवर गेल्यावर डिसेंबर १९४१ मध्ये तिथं कायदा झाला आणि २० ते ३० वयाच्या अविवाहित बायकांना सक्तीनं युद्धकामावर घेता येऊ लागलं. युद्ध ऐन भरात असताना ब्रिटिश रेल्वेत एक लाखाहून जास्त बायका काम करत होत्या.

भाचीनं दोन चित्रं पाठवलीत. एक काळं-पांढरं: फलाटावर चार बायका, पार्सलांनी भरलेली हातगाडी ओढतायत, कोट खांद्यात ताणलेला. दुसरं ते प्रसिद्ध पोस्टर, ठिपक्यांचा लाल रुमाल बांधून दंड दाखवणारी बाई. मैत्रिणींना दुसरं आवडलंय. मला ते पटत नाही. ते पोस्टर १९४३ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं आपल्याच कारखान्यांत लावायला काढलं होतं. रेल्वेशी त्याचा संबंध नाही, आणि जगभर गाजलं तेही १९८० नंतर. पहिल्या चित्रातला तो ताणलेला खांदा बघितला की कळतं, कोट पुरुषाच्या मापाचा असावा आणि बाई खरंच ओझं ओढतेय. मला तो कोट शिवायचाय. बघणाऱ्याला फोटोसाठी नटलेली बाई नको, कामावर आलेली बाई दिसली पाहिजे.

तर विचारायचं असं: कापड कुठलं घ्यावं? आमच्याकडे सगळं टेरीकॉट आणि पॉलिव्हिस्कोसचंच आहे, नेव्ही ब्लूमध्ये चांगला माल पडलाय, तो चालेल का? पँट की स्कर्ट? डोक्याला काय? आणि एकीला ड्रायव्हर व्हायचंय, तिचा पोशाख कसा असायचा?

जुना_शेडवाला

ताई, सोलापूर डिव्हिजनमधून रिटायर झालो. भरती झालो तेव्हा वाफेची इंजिनं होती, खलाशी, म्हणजे शेडमधला मदतनीस, म्हणून लागलो, नंतर कॅरेजला, म्हणजे डब्यांच्या कामाला आलो.

टेरीकॉट काय, पॉलिव्हिस्कोस काय, दोन्हीत पॉलिस्टर असतं. तो माल बाजूला ठेवा. वाफेच्या इंजिनाजवळ ते कापड घालू नये. चढावर इंजिन जोर लावतं तेव्हा धुरांड्यातून जळते कण उडतात आणि थेट अंगावर पडतात. फायरबॉक्सचं दार उघडलं की समोर भट्टी. पॉलिस्टर २५०-२६० अंशाला वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं, ते ओढून काढताना कातडी येते. सुती कापडाला भोक पडतं, लोकर होरपळते आणि विझते. आमचे जुने ड्रायव्हर नव्या पोरांचे शर्ट चिमटीत धरून बघायचे आणि टेरीकॉट असला तर खाली उतरवायचे.

शिवाय तुमच्या काळाशीही ते जुळत नाही. टेरिलीनचा, म्हणजे याच पॉलिस्टरचा, शोध इंग्लंडातच १९४१ ला लागला, पण अंगावर घालायला मिळालं ते युद्ध संपून काही वर्षांनी.

तेव्हा कोट-पँटला लोकरी सर्ज, पुसणारीच्या डांगरीला, म्हणजे वरून खालपर्यंत अखंड, बाह्यांच्या कामाच्या पोशाखाला, जाड सुती ड्रिल. दोरासुद्धा सुती घ्या. पॉलिस्टरचा दोरा तापला की शिलाईच सुटते.

ड्रायव्हर होऊ इच्छिणाऱ्या मुलीला मात्र समजावून सांगा. ब्रिटिश रेल्वेनं त्या युद्धात बायकांना ना फायरमन (इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा) केलं ना ड्रायव्हर. इंजिन पुसायला घेतलं. आता यातली मेख बघा. पुरुषांसाठी पुसणं ही पहिली पायरी असायची. आधी क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर, त्यांच्याकडे आणि आपल्याकडेही शिडी हीच. बायकांना त्याच पायरीवर उभं केलं आणि वरची शिडी काढून घेतली. त्या मुलीनं क्लीनर व्हावं आणि लोकांनी विचारलं तर हे सांगावं. ड्रायव्हरचा वेश घातला तर ही हकिगतच पुसली जाईल.

रशियात मात्र त्याच काळात बायका वाफेची इंजिनं चालवत होत्या. आणि आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत चालवत नेली, तेव्हा मी नातीला घेऊन स्टेशनवर गेलो होतो.

लीड्सची_मावशी

सुईदोरा ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी इथे यॉर्कशायरमध्ये कीथली ते ऑक्सनहोप या वाफेच्या लाइनवर अधूनमधून तिकीट खिडकीवर बसते.

पँट की स्कर्ट, याला एकच उत्तर नाही. फलाटावर आणि तिकिटाच्या कामाला स्कर्टही असे, पँटही असे. शेड, यार्ड, रुळांवरचं काम म्हटलं की पँट किंवा डांगरी. पँट कमरेला उंच, पाय रुंद. चेन लावू नका, बाजूला पट्टी काढून बटणं द्या. १ जून १९४१ पासून इथे कपड्यांवर रेशन आलं, पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. पुढे खिसे किती, बटणं किती, चुण्या किती यावरही बंधनं आली. त्यामुळे हौसेचा खिसा, शोभेचं बटण असलं काही नको. रेशमी मोजे दुकानातून गेले, रेशीम पॅराशूटला लागत होतं. लोकरी मोजे आणि चपटे, पट्टीचे बूट. ते इथे जुन्या बाजारात मिळतील, भाचीला सांगा.

सेव्हर्न व्हॅली ही जुनी ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीची लाइन, म्हणजे टोपीवर जी-डब्ल्यू-आर ही अक्षरं हवीत. तिथे एल-एम-एस या दुसऱ्या रेल्वे कंपनीचा बिल्ला दिसला तर जुने लोक तिथल्या तिथे टोकतील. टोपीचं काम इथेच करून घेतलेलं बरं.

डोक्याचा रुमाल मात्र खोटा नाही हं. पुसणाऱ्या आणि वर्कशॉपातल्या बायका केस झाकून रुमाल कपाळावर गाठ मारून बांधत, कारण केस यंत्रात जाण्याची भीती आणि काजळी. फक्त तो घरातला कुठलाही जुना रुमाल असे. लिपस्टिकच्या बाबतीतही मुलींना फार रागावू नका. मिळायची मारामार होती, पण लावणाऱ्या लावत. दिवसभर राबणाऱ्या बाईला ओठ रंगवावेसे वाटले तर त्यानं तिचं काम कमी होत नाही.

रंगाचा अंदाज हवा असेल तर जॅक डेलानो या छायाचित्रकारानं एप्रिल १९४३ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या क्लिंटन इथल्या इंजिन शेडमध्ये रंगीत फोटो काढलेत. बायका वाफेच्या नळीनं अजस्र इंजिन धुतायत, जेवणाच्या सुट्टीत डबे खातायत. पोशाख अमेरिकन आहे, तो उचलू नका. पण मळ बघा. तेल कुठे लागतं, काजळी कुठे बसते, गुडघा किती काळा होतो, ते त्यात स्वच्छ दिसतं.

आणि हातात काय द्यायचं तेही ठरवा. स्टेशनांवर ब्लॅकआउट असे, फलाटाच्या कडा पांढऱ्या रंगवलेल्या, दिवे झाकलेले. शत्रू उतरला तर त्याला ठावठिकाणा कळू नये म्हणून १९४० मध्ये स्टेशनांच्या नावाच्या पाट्या काढून टाकल्या होत्या. गाडी अंधारात थांबली की ही हमाल बाई ओरडून स्टेशनचं नाव सांगायची. तुमच्या भाचीला एक हातबत्ती द्या आणि घसा मोकळा करून नाव पुकारायला लावा. पोशाख निम्मं काम करेल, उरलेलं तो आवाज करेल.

कुर्डुवाडीकर

सगळं वाचलं, छान चाललंय. मला एक वेगळं सांगायचं आहे.

आमच्या कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वे होती, अडीच फुटी गेज, म्हणजे दोन रुळांत तेवढंच अंतर. १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी चालू झाली, मग पंढरपूर, लातूर, शेवटी मिरज. ती उभारणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप, त्यानं पुढं इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्येही तसलीच अडीच फुटी लाइन काढली. म्हणजे आमच्या लाइनीचं नातं तिकडं पोचतंच.

माझी आजी लढाईच्या काळात यार्डात ठेकेदाराकडं होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत कोळसा, फळीवरून चढून वर टाकायचा. लुगड्याचा काष्टा घट्ट, पदर कमरेला खोचलेला, पायात काही नाही. तिला टोपी नाही, बिल्ला नाही, हजेरीपटावर नाव होतं का तेही आम्हाला ठाऊक नाही. तिचा फोटो एकच, म्हातारपणीचा. पण मान शेवटपर्यंत ताठ होती, पाटी उचलून झालेली.

तुमची भाची तिकडल्या बायका दाखवणार, दाखवू द्या. त्यात एखादी आमच्याकडची पण असावी, एवढंच मनात आलं. लढाई त्यांचीच होती आणि कोळसा इकडंही चढतच होता.

सुईदोरा_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार.

शेडवाले काका, तुमचं वाचून रात्री कारखान्यातच कातरणं घेऊन बसले. प्रत्येकाची पट्टी चिमट्यात धरून काडी लावली. शाळेच्या पँटचं कापड आक्रसलं, त्याचा काळा मणी झाला आणि तो गळून फरशीला चिकटला, सुरीनं खरवडावा लागला. ड्रिल कागदासारखं पेटलं, मऊ राख झाली, फुंकर मारली की उडाली. ब्लेझरमधला शुद्ध लोकरीचा तुकडा जळक्या केसांचा वास देत आत वळला आणि काडी बाजूला घेताच विझला. कटिंग मास्तरांना आणि मशीनवरच्या बायकांनाही दाखवलं. आमच्यातल्या दोघींची माणसं भट्टीवर कामाला आहेत, त्या घरी जाऊन शर्ट तपासणार म्हणाल्या. नेव्हीचा माल शाळांनाच जाईल.

सर्ज लुधियानाच्या व्यापाऱ्याकडून मागवतेय. कापायच्या आधी पाण्यातून काढून सावलीत वाळवणार, नाहीतर पहिल्याच पावसात कोट आखडेल, आणि तिकडे पाऊस फार. कॉलरला फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटवायचं अस्तर, नाही, ते नंतरच्या काळातलं आहे. कॅनव्हास हातानं टाचणार. डांगरीच्या जोडावर ओव्हरलॉक दिसता कामा नये म्हणून फीडॉफ मशीनवर दुमडून दुहेरी शिलाई.

कोटाचा बेत मुद्दाम पुरुषी ठेवतेय, खांदा उतरलेला, बाही लांब आणि आत दुमडून टाचलेली. एक गोष्ट मात्र आपल्या मनानं करणार आहे. डांगरीच्या काखेत कळी, म्हणजे जोडात कापडाचा जादा तुकडा, घालणार. हात वर करून इंजिनाची टाकी पुसायची तर कळीशिवाय सगळं कापड कमरेपासून वर ओढलं जातं. बाहेरून दिसणार नाही, पण मुलींना दिवसभर काम करता येईल.

ड्रायव्हर व्हायचं होतं तिला काकांचं उत्तर जसंच्या तसं पाठवलं. तिला आता क्लीनरच व्हायचंय आणि शिडीची गोष्ट ती स्वतः सांगणार आहे. मावशी, लिपस्टिकवर तुमचं ऐकलं. पोस्टरमधला ठिपक्यांचा रुमाल मात्र नाही, प्रत्येकीनं आपल्या घरातला जुना आणायचा.

आणि कुर्डुवाडीकर दादा, तुमची पोस्ट आमच्या युनिटमध्ये मोठ्यानं वाचून दाखवली. इथल्या निम्म्या बायकांच्या आज्या-पणज्या गिरणीत नाहीतर विड्यांवर राबल्या, फोटो कुणाचाच नाही. भाचीशी बोलले. ती म्हणते, मावशी, तू लुगडं आणि चुंबळ पाठव, मी स्वतः ती होते आणि बार्शी लाइनचंही सांगते. स्टेशनवाल्यांना विचारायचं कामही तिनंच घेतलंय. आता मला नेमकं सांगा, आजीचं लुगडं कसलं असायचं? रंग, काठ, नऊवारी की आठवारी, चोळीची बाही कुठपर्यंत, आणि चुंबळ कशाची?

कुर्डुवाडीकर

ताई, आईला विचारलं. नऊवारी, जाडंभरडं सुती, पंढरपूरच्या बाजारातलं. रंग अंजिरी, धुऊन धुऊन विटलेला, काठ बोटभर, पिवळा. चोळी खणाची नाही, साध्या कापडाची, बाही कोपराच्या वर, पुढं गाठ. चुंबळ फाटक्या लुगड्याचीच, पिळून गोल केलेली. आणि आई म्हणते, काष्टा नेहमीपेक्षा वर घ्या, पोटरी उघडी राहील असा. फळीवरून चढताना पायात आला तर बाई पाटीसकट खाली यायची.