विमानाचा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) गेला तर उतरायचं कसं?

प्रश्न: बारामतीत सेसना १७२एस हे छोटं विमान चालवायला शिकतोय. योक (विमानाचं स्टिअरिंग) ओढूनही नाक हललंच नाही, तर?

उत्तर: योकपासून एलिव्हेटरकडे जाणारी केबल तुटली असली तरी ट्रिम व्हील आहे ना! ते एलिव्हेटरच्या मागच्या कडेची छोटी पट्टी, म्हणजे टॅब, हलवतं आणि टॅब एलिव्हेटरला ढकलतो. फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) २०°, वेग साधारण ६५ नॉट, तिथे ट्रिम कर आणि मग ट्रिम व्हीलवरून हात काढ. उतरण्याचा कोन फक्त थ्रॉटलवर (इंजिनच्या पॉवरवर). खरी गोम फ्लेअरला, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, आहे: पॉवर काढली की नाक पडतं, नोजव्हील (पुढचं चाक) आधी आपटतं. म्हणून तिथे ट्रिम पूर्ण नोज-अपकडे फिरव. थ्रॉटल बंद टेकल्यावरच.

प्रश्नकर्ता: दादा, एलिव्हेटरच जाम झाला असेल तर?

उत्तर: मग ट्रिम उलटं वागतं. एलिव्हेटर हलत नाही, म्हणून टॅब हाच इवलासा एलिव्हेटर होतो. आधी उंचीवर थोडं फिरवून बघ.

दुसरं उत्तर: आणि लांब धावपट्टी माग, लाजू नकोस.