नवा अवयव, पण जनुके जुनीच
उत्क्रांतीत ‘नवा अवयव यायचा तर नवी जनुकेही यायलाच हवीत’ हे विधान मला पटत नाही, कारण सी अर्चिन या काटेरी, गोलसर समुद्री प्राण्याचे उदाहरण नेमके त्याच्या उलट आहे. तारामासा आणि सी अर्चिन या दोन्ही कंटकचर्मींच्या (काटेरी त्वचेच्या समुद्री प्राण्यांच्या) प्रौढ शरीरात कॅल्साइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचा, सांगाडा असतो. पण तारामाशाचा तरंगता डिंभ (अंड्यातून निघालेली बाल्यावस्था) सांगाड्याविना वाढतो, तर सी अर्चिनच्या डिंभात बारीक काड्यांचा आधार उभा राहतो. त्या काड्या घडवणाऱ्या पेशी सोळा पेशींच्या भ्रूणातील चार सर्वांत लहान पेशींपासून येतात, आणि त्यांतील एएलएक्स१ हे जनुक रोखले तर सांगाडा तयारच होत नाही. हेच जनुक प्रौढ तारामाशाच्या सांगाड्यातही काम करते. म्हणजे प्रौढाची यंत्रणा भ्रूणावस्थेत लवकर सुरू झाली, एवढ्यानेच डिंभाला नवी रचना मिळाली असे दिसते.

गोंदियाकडच्या आमच्या गावाहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे मुलांना तारामासा दाखवायचा तो प्रयोगशाळेतल्या बरणीतलाच. त्याचा एक तुटका तुकडा आणि बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) काठावरचा गोगलगायीचा रिकामा शंख या दोन्हींवर मी सौम्य आम्ल टाकून दाखवतो. बुडबुडे दोन्हींतून येतात, कारण दोन्हींत कॅल्शियम कार्बोनेटच असते. मात्र शंख हे शरीराबाहेर स्रवलेले कवच, तर तारामाशाचा सांगाडा त्वचेखाली, ऊतींच्या आत घडलेला. मुले (आणि कबूल करतो, सुरुवातीला मीही) त्याला कवचच समजत होती.