‘समलिंगी विवाह’, ‘समलैंगिक विवाह’ की तिसराच शब्द?

प्रश्न, सातारा
महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेच्या पत्रकात विषय असा आला आहे: ‘समलैंगिक विवाहास कायदेशीर मान्यता दिल्यास विवाहसंस्था धोक्यात येईल.’ ‘समलैंगिक’ ठेवावं की ‘समलिंगी’ करावं? परीक्षकांच्या टिपणात ‘विवाह समानता’ (मॅरेज इक्वॅलिटी) आणि ‘नागरी संघ’ (सिव्हिल युनियन, म्हणजे विवाह न म्हणता जोडप्याच्या नात्याची कायदेशीर नोंद) असेही शब्द आहेत. मुलांना ते कळतील का? पत्रक शुक्रवारी छापायला जायचं आहे.

संस्कृत शिकवणाऱ्या, मिरज
आधी व्याकरण उरकते. ‘समलिंग’ला ‘इक’ प्रत्यय लावला तर नियमाने पहिल्या स्वराची वृद्धी होऊन ‘सामलिंगिक’ व्हायला हवं. तसं कुणी म्हणत नाही. म्हणजे ‘समलैंगिक’ हा ‘सम’ आणि ‘लैंगिक’ यांचा जोड आहे. मराठीत ‘लैंगिक’ म्हटलं की लैंगिक शिक्षण, लैंगिक छळ, लैंगिक आजार हेच डोळ्यांसमोर येतं. त्यामुळे ‘समलैंगिक विवाह’ वाचणाऱ्याचं लक्ष शरीरसंबंधाकडे जातं. ‘समलिंगी’ एवढंच सांगतो की दोघांचं लिंग एक आहे.

पण खरा फरक पुढे आहे. ‘समलैंगिक’ हे माणसाचा कल, म्हणजे त्याला कुणाचं आकर्षण वाटतं, याचं वर्णन, ‘समलिंगी’ हे दोन माणसांमधल्या नात्याचं. एखाद्या उभयलैंगिक (स्त्री आणि पुरुष दोघांकडे कल असलेल्या) स्त्रीला दुसऱ्या स्त्रीशी लग्न करायचं असेल, तर तो विवाह समलिंगी. ती स्वतः मात्र समलैंगिक नाही. उलट एक समलैंगिक पुरुष आणि एक समलैंगिक स्त्री आजही एकमेकांशी कायदेशीर लग्न करू शकतात, आणि घरच्यांच्या दबावाखाली तशी लग्नं होतातही. तो ‘समलैंगिकांचा विवाह’ झाला, समलिंगी विवाह नव्हे. पत्रकात ‘समलिंगी’च हवं.

वकील, सातारा
मॅडमचं बरोबर, कायद्याच्या अंगानेही. विवाह अधिकारी कल विचारत नाही, लिंग बघतो. म्हणूनच पारलिंगी व्यक्तींचा, म्हणजे जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारं लिंग वेगळं असलेल्यांचा, प्रश्न वेगळा पडतो. पारलिंगी स्त्री आणि पुरुष यांचा विवाह प्रचलित कायद्यात बसतो. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातल्या ‘वधू’ या शब्दात पारलिंगी स्त्री येते असं म्हटलं, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ च्या निकालात भिन्नलिंगी नात्यातल्या पारलिंगी व्यक्तींना विवाहाचा हक्क आहे, असं स्पष्ट केलं. बातम्यांत ‘तृतीयपंथीयाचा समलिंगी विवाह’ असं छापतात ते बहुतेक वेळा चूक असतं.

आता ‘कायदेशीर मान्यता’. इथे तीन पायऱ्या आहेत आणि मराठीत त्या एकात एक कालवल्या जातात.

कृत्य गुन्हा असणं ही पहिली. ६ सप्टेंबर २०१८ ला भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध बाहेर निघाले. तेव्हाचे मथळे होते ‘समलैंगिकतेला कायदेशीर मान्यता’. तसं काही झालं नव्हतं. गुन्हा राहिला नाही, इतकंच.

दुसरी पायरी म्हणजे गुन्हा नाही, पण नोंदही नाही. आज दोन स्त्रियांनी हार घातले, मंगलाष्टका म्हणवून घेतल्या, जेवणावळ घातली, तर पोलिसांनी हात घालावा असं त्यात काही नाही. म्हणून त्याला ‘बेकायदेशीर विवाह’ म्हणू नये. ‘कायद्याची मान्यता नसलेला विवाह’ म्हणावं. शब्द लांबतो, पण अर्थ खरा राहतो.

नोंद होऊन हक्क मिळणं ही तिसरी. वाद आहे तो हिचा.

सर्वोच्च न्यायालयाच्या समलिंगी विवाहावरच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाबद्दलही एक चूक मुलांच्या भाषणात हमखास येणार: ‘३ विरुद्ध २ मतांनी विवाह नाकारला.’ विवाहाबद्दल पाचही न्यायाधीश एकमताचे होते. विवाह हा मूलभूत हक्क नाही, आणि विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांसाठी शब्द घालणं हे न्यायालयाचं नव्हे, संसदेचं काम. फूट पडली ती विवाहाव्यतिरिक्त नात्याला मान्यता आणि दत्तक यांवर. तिथे तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल एका बाजूला, न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह दुसऱ्या बाजूला. पुनर्विलोकनाच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

प्रश्न, सातारा
आभारी आहे. मग रजिस्टर लग्नात नेमकं अडतं कुठे? ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ असं त्या कायद्यात आहे म्हणतात ना?

वकील, सातारा
आहे. विशेष विवाह कायदा, १९५४, कलम ४ ची सुरुवात तशीच आहे. पण त्याच कलमात पुढे वयाची अट येते: पुरुषाला २१ पूर्ण, स्त्रीला १८ पूर्ण. ‘व्यक्ती’ने उघडलेलं दार तिथे लागतं.

(‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात, पण कोर्टात काही नसतं. काम विवाह अधिकाऱ्याकडे चालतं. मुलांना ‘नोंदणी विवाह’ म्हणायला सांगा.)

क्रम असा. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस सलग वास्तव्य हवं. मग ठरावीक नमुन्यात नोटीस. ती कार्यालयात सहज दिसेल अशा जागी लावतात. ३० दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतं, पण ती कलम ४ च्या अटींवरच. ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत होत नाही. हरकत आली तर अधिकाऱ्याने ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर सगळं पहिल्यापासून.

आता नमुने बघा. नोटिशीत एका बाजूला अविवाहित, विधुर, घटस्फोटित. दुसऱ्या बाजूला अविवाहित, विधवा, घटस्फोटित. तीन साक्षीदारांसमोर सही करायचं घोषणापत्र दोन स्वतंत्र नमुन्यांत, एक वराचं, एक वधूचं. दोन पुरुष समोर बसले तर दुसऱ्याने कुठला कागद भरायचा? २०२३ च्या खटल्यात याचिकाकर्त्यांची मागणी शब्दांचीच होती: ‘पुरुष’, ‘स्त्री’च्या जागी ‘व्यक्ती’ वाचा, ‘पती’, ‘पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’. सरकारी बाजूचं म्हणणं, एक शब्द बदलला की पोटगी, वारसा, घटस्फोटाची फक्त पत्नीला असलेली कारणं, सगळीकडे धागा उसवतो. स्पर्धेत विरोधी बाजूने हा मुद्दा घ्यावा. ‘आपली संस्कृती’ म्हणून टेबल बडवण्यापेक्षा तो वजनदार आहे.

मुद्रितशोधक, सांगली
‘जोडीदार’ चालेल, पण आपल्या अर्जांत त्या जागी ‘पती/पत्नीचे नाव’ असं छापलेलं असतं. भाषांतर करतानाच लिंग परत घुसतं.

मराठीची गंमत अशी की ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी आणि ‘जोडपं’ नपुंसकलिंगी. ‘दोन व्यक्ती आल्या’ म्हटलं की पुरुषसुद्धा ‘आल्या’. पण ‘दोन’ची सर्वनामं काही लपू देत नाहीत. ‘दोघे’ म्हणजे पुरुष, ‘दोघी’ म्हणजे बायका, ‘दोघं’ म्हणजे एक बाई एक बुवा. (बोलताना पुरुषांनाही ‘दोघं’ म्हणतात, लेखात नको.) इंग्रजी बातमीतलं सर्वनाम काही सांगत नाही, आणि भाषांतर करणारा घाईत ‘दोघांनी विवाह केला’ लिहून मोकळा होतो. बायका असतील तर ‘दोघींनी’च हवं. पुरुष असतील तर ‘दोघांनी’ बरोबर, पण वाचणारा नवरा-बायको धरून चालतो. म्हणून पहिल्याच वाक्यात ‘दोन तरुणांनी’ असं सांगावं, पुढे ‘जोडपं’ वापरावं.

‘विवाह समानता’ मात्र काढा. मराठी माणूस त्याचा अर्थ नवरा-बायकोत समानता, म्हणजे भांडी कोण घासणार, असा लावेल. ‘विवाहाचा समान हक्क’ लिहा.

आणि ‘नागरी संघ’! दूध संघ, खरेदी-विक्री संघ आणि नागरी पतसंस्था यांच्या मुलखात ‘नागरी संघाची नोंदणी’ वाचून लोक सभासदत्वाचा अर्ज मागतील.

विवाहविधींच्या अभ्यासक, वाई
हसले. पण त्या शब्दामागचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लग्नाला दुसरं नाव देऊन तेच हक्क द्यावेत का, हा वाद जगभर झालाय, आणि मराठीत त्याचा जुना नमुना घरातच आहे: पाट.

विधवेचं दुसरं लग्न म्हणजे ‘पाट’, आपल्याकडे ‘म्होतूर’ही. अनेक जातींत ते रूढ होतं, मुलं औरस मानली जात, संसार तोच. तरी त्याला ‘लग्न’ म्हणत नसत. लग्न ‘लागतं’, पाट ‘लावतात’. ‘लग्नाची बायको’ आणि ‘पाटाची बायको’ यांत मानाचा केवढा फरक होता, ते जुनी भांडणं वाचली की कळतं. हक्क जवळजवळ तेच, पण शब्द वेगळा, आणि शब्दाबरोबर पायरी वेगळी. आज आपण ‘पुनर्विवाह’ म्हणतो. त्यात ‘विवाह’ आला.

बाहेरही असंच. डेन्मार्कने १९८९ मध्ये समलिंगी जोडप्यांसाठी ‘नोंदणीकृत भागीदारी’ आणली, विवाह नव्हे. तो आला २०१२ मध्ये. फ्रान्समध्ये १९९९ मध्ये सहजीवनाचा नोंदणी-करार आला, विवाह २०१३ मध्ये. तैवानचं उदाहरण तर शब्दचर्चेसाठीच बेतल्यासारखं आहे. २०१७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ‘अर्थनिर्णय क्रमांक ७४८’ देऊन समलिंगी विवाहाला कायद्यात जागा करायला सरकारला दोन वर्षांची मुदत दिली. मध्ये २०१८ च्या सार्वमतात लोकांनी दिवाणी संहितेतली विवाहाची व्याख्या बदलायला विरोध केला. मग २०१९ मध्ये वेगळा कायदा झाला, त्याच्या नावातच विवाह हा शब्द नाही: ‘अर्थनिर्णय क्रमांक ७४८ च्या अंमलबजावणीचा कायदा’! आत मात्र विवाह नोंदणी आहे. नेपाळमध्ये जून २०२३ च्या अंतरिम आदेशाने अशा विवाहांची वेगळी तात्पुरती नोंद ठेवायला सांगितलं. वेगळी वही म्हणजे पाटच की. थायलंडने उलट रस्ता घेतला. संहितेतच ‘पुरुष’, ‘स्त्री’ जाऊन ‘व्यक्ती’ आलं, ‘पती-पत्नी’ जाऊन ‘विवाह-जोडीदार’, आणि २२ जानेवारी २०२५ पासून ते लागू झालं.

संस्कृत शिकवणाऱ्या, मिरज
ताई, पाटाचा दाखला पटला, पण पुरता नाही. पाट हा खालच्या पायरीचा म्हणून ढकललेला शब्द होता. काही जोडप्यांना विवाहसंस्थाच नको असते, त्यांना वेगळी नोंद हवीच असते. ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष जोडप्याने ‘आम्हालाही विवाह नको, नागरी भागीदारीच द्या’ म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत दावा नेला आणि २०१८ मध्ये जिंकला. तेव्हा वेगळं नाव नेहमी कमीपणाचंच, असं नाही.

व्युत्पत्ती मात्र कुणी हत्यार म्हणून वापरू नये. ‘विवाह’ म्हणजे वि + वह्, वाहून नेणं, म्हणून वधू हवीच, असा युक्तिवाद कानावर येतो. मग घरजावयाचा विवाह होत नाही का? तिथे कोण कुणाला वाहून नेतं? आणि ‘लग्न’ तर नुसतं ‘लागलेलं, जोडलेलं’.

वाई
मान्य. एकच पर्याय आणि तोही वेगळ्या नावाचा, तेव्हा तो पाट होतो, असं म्हणते.

दस्तलेखक, कराड
परीक्षकांच्या टिपणात नसलेला, पण रोज घोळ घालणारा शब्द: ‘वारस’. बँकेच्या आणि विम्याच्या अर्जावर नॉमिनीच्या रकान्याला बोलताना सगळे ‘वारसाचं नाव’ म्हणतात. नॉमिनी म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती. पैसे त्याच्या हातात पडतात, मालकी सहसा वारसांचीच राहते. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये बँकांना कळवलं की समलिंगी जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरा, असंही राज्यांना सांगितलं गेलं. म्हणून लगेच ‘वारसाहक्क मिळाला’ लिहू नका.

जमिनीचं तर आणखी सरळ. सात-बाऱ्यावर वारस नोंद होते ती वारसा कायद्याने, आणि त्यात अशा जोडीदाराला जागा नाही. त्याला मृत्युपत्रच लागतं: दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच, नोंदणी सक्तीची नाही पण करावी, मुद्रांक शुल्क नाही. तेही स्वकष्टार्जित मिळकत आणि वडिलोपार्जितातला स्वतःचा हिस्सा, एवढ्यापुरतंच. कुलमुखत्यारपत्रावर भिस्त ठेवणारे फसतात, कारण करून देणारा गेला की ते संपलं.

प्रश्न, सातारा
मग विषय असा करतोय: ‘समलिंगी विवाहास कायद्याने मान्यता दिल्यास विवाहसंस्था धोक्यात येईल.’ टिपणात ‘विवाहाचा समान हक्क’. ‘नागरी संघ’ला काय घालू? ‘सहजीवन’?

मुद्रितशोधक, सांगली
नुसतं ‘सहजीवन’ नको. विज्ञान शाखेच्या मुलांना दगडफूल आठवेल. ‘नोंदणीकृत सहजीवन’ करा. आणि पत्रक प्रमाण लेखनात आहे, तेव्हा ‘जोडपं’ नाही, ‘जोडपे’. मसुद्याच्या तिसऱ्या ओळीत ‘लिंगी’ची वेलांटी पहिली पडलीय आणि अनुस्वार गळलाय, ‘समलिगि’ झालंय. प्रूफ एकदा पाठवा, छापायच्या आधी.