दयाळ पक्ष्याच्या नावाचा दयेशी संबंध आहे का?

शेवरी:
शाळेच्या पक्षीफलकासाठी दयाळची माहिती जमवते आहे. एका ठिकाणी हे नाव 'दयाळू'वरून आल्याचं दिलंय, दुसरीकडे शास्त्रीय नावातल्या 'सौलॅरिस'चा अर्थ 'सूर्याचा' असा सांगितलाय. फलकावर काय लिहावं?

खंड्या:
दोन्ही लिहू नका. हिंदीत याच पक्ष्याला दहियर, दहियल, दयाल म्हणतात, बंगालीत दोयेल. बांगलादेशाचा राष्ट्रीय पक्षी तो हाच. 'दहियल'मधला ह गळला की दयालच उरतो आणि मराठीत त्याचा दयाळ होतो. दया मागाहून चिकटलेली दिसते. स्वभावही दयाळू नाही. विणीच्या हंगामात नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला टिकू देत नाही. पूर्वी गाण्याइतकाच झुंजींसाठीही तो पाळायचे.

सूर्याचा घोळ इंग्रजीतून आला. 'दयाल'चं इंग्रजांनी 'डायल बर्ड' केलं. डायल म्हणजे तबकडी, म्हणून सूर्यघड्याळ, म्हणून शास्त्रीय नाव देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाला 'सोलॅरिस' (सूर्याचा) म्हणायचं असणार, असा तर्क चालला. पक्षीतज्ज्ञ एडवर्ड ब्लाइथने तो खोडून काढला. मद्रासचा शल्यवैद्य एडवर्ड बल्कली याने इंग्लंडात जेम्स पेटिव्हर या निसर्ग-अभ्यासकाकडे एक नर पाठवला होता, सोबत 'सौलरी' हे इथलं नाव कळवलं होतं. पेटिव्हरचं वर्णन निसर्गशास्त्रज्ञ जॉन रे यांच्या पक्षीग्रंथात छापलं गेलं आणि 1758 मध्ये लिनियसने तेच नाव लॅटिन वळणाचं केलं. ब्लाइथच्या मते सौलरी म्हणजे शंभर गाणी गाणारा. सकाळी झाडाच्या शेंड्यावर बसलेला दयाळ ऐकलात तर हा अर्थ मनापासून पटेल!

टिटवी:
शास्त्रीय नाव 'कॉप्सिकस सौलॅरिस (लिनियस, 1758)' असं लिहा. कंस गाळू नका, त्याला अर्थ आहे. लिनियसने दयाळला 'ग्रॅक्युला' या मैनांच्या प्रजातीत (जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द) घातलं होतं. पुढे प्रजाती बदलली की मूळ नाव देणारा कंसात जातो. 'सौलॅरिस' मात्र तसंच राहिलं.

फोटो निवडताना चिरक येणार नाही एवढं बघा, ही चूक फार होते. चिरकाचा नरही काळा असतो, पण शेपटीच्या बुडाखाली तांबूस. दयाळचं पोट पांढरं, मिटलेल्या पंखावर लांब पांढरा पट्टा आणि शेपटीच्या कडाही पांढऱ्या. मादीचा फोटो जरूर लावा: नरात जिथे काळा रंग, तिथे तिच्यात राखाडी. ती वेगळाच पक्षी समजून पुष्कळजण सोडून देतात.